कडी आतून होती

सुजात, मैत्री,

हे मी मराठीत लिहिते आहे. मला इंग्रजी येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तीस वर्षं मी शाळेत मुलींना तेच शिकवलं. पण तुमच्या आजोबांशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही, भांडले तर मुळीच नाही, आणि हे पत्र खरं म्हणजे त्यांना आहे. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. अडेल तिथे त्याला थांबवा आणि अर्थ विचारा. त्याला घाई असली तरी विचारा.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. गेल्या रविवारी फोनवर बाबाने सांगितलं, की हल्ली साधी शिंक आली तरी सुजात आपल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. नाक वाहत असलं तर मैत्रीच्या शेजारी जेवायला बसत नाही. मग एक दिवस त्याने विचारलं, आजोबा माझ्या सर्दीमुळे गेले का? बाबा म्हणाला, नाही रे. सुजातला ते पटलं नाही. बरोबर आहे, नऊ वर्षांच्या मुलाला ‘नाही रे’ पुरत नाही. मलाही पुरलं नसतं. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते. आणि आजोबांनाच उद्देशून लिहिते, कारण त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्यासमोर मला काही गाळता येणार नाही.

अहो,

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. या घरात इतके दिवस सलग खोकल्यावाचून कधी गेले नव्हते. सकाळी सहाला मला अजून तुमच्या खोकल्याच्या वेळेलाच जाग येते, आणि तो ऐकू येत नाही म्हणून मी उठून बसते. मग आठवतं. मग चहा ठेवते, एक कप.

कात्रजला आपण आलो ते तुमच्या छातीसाठी. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून इतक्या लांब कुठे निघालात, असं सगळ्यांनी विचारलं. शहराच्या टोकाला, तळ्याजवळ, हवा चांगली आहे, असं तुम्ही सांगत सुटला होतात. खरंच होती. पहिल्या हिवाळ्यात सकाळी धुक्यातून डेअरीच्या गाड्या जाताना ऐकू यायच्या आणि प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने मोर ओरडायचा. तुम्ही स्वेटर घालून गॅलरीत उभे राहायचात आणि ती हवा आपणच विकत घेतल्यासारखे माझ्याकडे बघायचात. पुढे रस्ता रुंद झाला, बाह्यवळण आलं, घाटातून उतरणाऱ्या ट्रकच्या रांगा आल्या, संगणक कंपन्यांच्या मुलांना नेणाऱ्या बसगाड्या आल्या. एक दिवस तुम्ही गॅलरीला सरकत्या काचा लावून घेतल्यात आणि म्हणालात, हवापालटाला आलो, तर हवाच पालटली.

पण छाती काही कात्रजने बिघडवली नव्हती. लहानपणी आईच्या चुलीचा धूर, मग पिंपरीच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करताना बावीस वर्षं लाकडाचा भुसा, शेजारच्या भट्टीचा धूर, आणि मधल्या सुट्टीत विडी. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, विडी ओढता? तुम्ही म्हणालात, सोडली. कधी सोडली? आज सकाळी. त्या हसल्या नाहीत. मी रिक्षात बसल्यावर हसले, आणि सातारा रस्ता लागेपर्यंत रडले. विडी मात्र खरोखरच त्या सकाळी सुटली ती सुटली. त्याबद्दल मी तुम्हाला शाबासकी दिल्याचं आठवत नाही. वर्गातल्या मुलींना मी द्यायची. तुम्हाला द्यायची राहिली.

कारखान्यात संगणकावरच्या आकृतीवरून साचा कोरणारं यंत्र आलं, तुमचं खातं बंद झालं आणि तुम्ही स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केलीत. त्याच वर्षी आपला आनंद संगणक शिकून अमेरिकेला गेला. समोरच्या दारातल्या निकमांनी तुम्हाला चिडवायला म्हणून ते बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, “ज्या डब्याने मला घरी बसवलं, तोच पोराला विमानात बसवतोय. आता रागवायचं कुणावर, सांगा.”

मग चौकातल्या इंटरनेटच्या दुकानातले आपले रविवार सुरू झाले. तुम्ही मराठीत सांगायचात, मी इंग्रजीत टंकायची. आनंदचं उत्तर आलं की मी आधी त्यातल्या चुका बघायची. पोरगा आईला लिहितोय आणि तू पेपर तपासतेस, असं तुम्ही दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालात. हसता हसता खोकला लागला, आणि दुकानवाल्याने पाणी आणून दिलं. तुमचं हसणं आणि खोकणं यांत शेवटी शेवटी फारसं अंतर उरलं नव्हतं. मी दोन्हीला एकदमच ‘पुरे’ म्हणायची.

घरात वंदनेला अगरबत्ती लावायची आपण बंद केली. फुलं आणि मेणबत्ती, बस. तुमच्या आक्कांना ते आवडलं नाही. धुपाशिवाय कसली वंदना, म्हणाल्या. तुम्ही अगदी नम्रपणे उत्तर दिलंत, “आक्का, भगवंतांनी श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलंय. धुरात तो सापडत नाही.” थोरल्या बहिणीला इतकं चोख उत्तर देणारा माणूस माझ्यासमोर मात्र कायम हरल्याचं सोंग करायचा. मला ते सोंग कळत होतं. हेही सांगायचं राहिलं.

मुलांसाठी आजाराचं एवढं सांगायला हवं, की तो जुना होता, पण रोज छळत नव्हता. जिना हळू चढायचा, औषधाचा पंप वेळेवर ओढायचा, इतकं पाळलं की दिवस बरे जायचे. घात करायची ती सर्दी. तीन वर्षांपूर्वी आक्कांच्या नातीच्या लग्नात तुम्हाला सर्दी लागली आणि आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर दोन नळ्या काढून मला समजावलं. आपल्याला सर्दी झाली की नाक गळतं आणि चार दिवसांत थांबतं. यांच्या श्वासाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत. साधा विषाणू खाली उतरला की त्या आणखी सुजतात, कफ भरतो, आत गेलेली हवा बाहेर पडत नाही. दर वेळी बरे होतील, पण दर वेळी थोडे कमी बरे होतील.

ते वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिलं आणि त्याखाली नियम लिहिला. ज्याला सर्दी, त्याने चार दिवस जाळीच्या दाराबाहेर. बाहेर जिन्यात एक खुर्ची ठेवली. आतून लाकडी दार उघडं, जाळीचं बंद, आणि कडी आतल्या बाजूला, वर, तुमच्या हाताच्या उंचीवर. सगळ्या इमारतीने पहिले काही दिवस मला हसून घेतलं. निकमांना हिवाळाभर सर्दी, पण तुमच्याशी बुद्धिबळ खेळल्याशिवाय त्यांना करमेना. मग तुम्ही दुसरा पट केलात. एक आत, एक बाहेर. ते खुर्चीत, तुम्ही आत पाटावर, मध्ये जाळी. आपली चाल सांगायची आणि समोरच्याची आपल्या पटावर हलवायची. एकदा दोन तास खेळल्यावर ध्यानात आलं, की निकमांच्या पटावर तुमचा हत्ती कधीच मेलेला आहे आणि तुमच्या पटावर तो त्यांच्या राजाला शह देतो आहे. त्यावरून तुम्ही दोघे आठवडाभर बोलला नाहीत. त्या आठवड्यात निकमांना सर्दी नव्हती, याचं तुम्हाला जास्त वाईट वाटलं.

नियमाबरोबर दुसरी गोष्ट होती ती फुंकायच्या मापकाची. जोराने फुंकलं की काटा सरकतो आणि छातीत किती दम आहे ते कळतं. तुम्ही त्याला फुंकणी म्हणायचात. रोज संध्याकाळी मी समोर बसायची, तुम्ही तीनदा फुंकायचात, त्यातला सर्वांत मोठा आकडा मी वहीत लिहायची. आकडा खाली घसरला की डॉक्टरीणबाईंनी आधीच लिहून ठेवलेल्या गोळ्या लगेच सुरू करायच्या. या वहीने तुम्हाला दोनदा रुग्णालयापासून वाचवलं. अडीच वर्षांत मी एक दिवस चुकवला नव्हता. माझ्या आईच्या अंत्यविधीहून परत आले त्या संध्याकाळीसुद्धा तुम्ही फुंकलंत आणि मी लिहिलं.

डिसेंबरात मुलं येणार ठरलं तेव्हा मी वेळापत्रक करून पाठवलं. पहिले चार दिवस सगळ्यांनी शिल्पाच्या माहेरी, विश्रांतवाडीला राहायचं. विमानात कोण शिंकेल सांगता येत नाही. शिल्पाला ते लागलं असणार, पण ती तसं म्हणाली नाही. तुम्ही ते वेळापत्रक वाचलंत आणि विचारलंत, नातवंडांना भेटायचा दिवस आणि वार लिहिलायस, नाव हजेरीपटात पण आहे का? मैत्री पाचव्या दिवशी घरात आली. सुजातला नेमकी चौथ्या दिवशी सर्दी झाली, म्हणजे त्याचे चार दिवस पुन्हा पहिल्यापासून. एकूण सुट्टी सोळा दिवसांची.

तो खुर्चीत बसला. पाय जमिनीला पुरत नव्हते. तुम्ही जाळीच्या आत बसलात आणि त्याच्या मराठीची आणि तुमच्या इंग्रजीची जी काही खिचडी झाली ती मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. एकदाही चुका काढल्या नाहीत. आनंदचा जुना भोवरा तुम्ही कुठून तरी शोधून काढला होता. तो आणि दोरी मी गरम पाण्याने धुऊन सुजातला बाहेर दिली. तुम्ही आतून सांगत होतात, असं गुंडाळ, घट्ट, वरून खाली नाही, खालून वर. तो गुंडाळायचा, फेकायचा, आणि भोवरा लंगडत जाऊन निकमांच्या दारावर आपटायचा. पहिला दिवस असाच गेला. सुजात रडला नाही. पण दुसऱ्या दिवशी आल्यावर त्याने भोवरा हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मटार आणायला मंडईत गेले. कात्रजला भाजी उगवत नाही का, हे तुम्ही नेहमीप्रमाणे विचारलंत आणि मी नेहमीप्रमाणे पिशवी उचलून निघाले. आनंद मित्रांकडे गेला होता, शिल्पा मैत्रीला घेऊन खरेदीला. बसने जाऊन-येऊन मला तीन तास लागले. जिना चढून वर आले तर जाळीचं दार सताड उघडं. तुम्ही जिन्यातल्या फरशीवर मांडी घालून बसला होतात, सुजात तुमच्या पुढ्यात, त्याचे दोन्ही हात तुमच्या हातांत, आणि दोरी. दोघांच्या नाकातोंडाला रुमाल बांधलेले, सिनेमातल्या दरोडेखोरांसारखे. सुजातने माझ्यासमोर भोवरा फेकला. तो सरळ उभा राहिला आणि आवाज न करता फिरत राहिला. सुजातने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी म्हणाले, सुजात, हात धू. त्या क्षणी दुसरं काही म्हणायला हवं होतं.

तुम्ही रुमाल खाली ओढलात आणि म्हणालात, “अगं, जाळीतून हात धरता येत नाही.”

त्यावर मी काही बोलले नाही. तेव्हा नाही, त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आपल्या अबोल्याचे नियम तुम्हाला पाठ होते. ताट वेळेवर, गोळ्या ताटाशेजारी, पाणी कोमट, शब्द नाही. चाळीस वर्षांत असे अबोले बरेच झाले, पण हा मापक घरात आल्यानंतरचा पहिलाच. फुंकायचं तर मी ‘हं, जोरात’ म्हणायला हवं होतं, आकडा वाचायला हवा होता. मी वही काढलीच नाही. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही स्वतः फुंकणी आणून टेबलावर माझ्यासमोर ठेवलीत आणि खुर्ची ओढून बसलात. तुम्ही माघार घेत होतात, हे मला समजलं. मी उठून मटार सोलायला आत गेले. तुम्हीही एकट्याने फुंकलं नाहीत. वहीत त्या दोन तारखांपुढे काही नाही.

तिसऱ्या सकाळी तुमचा श्वास दुसऱ्या खोलीतून ऐकू आला. मी धावत फुंकणी घेऊन आले. आकडा निम्म्यावर होता. गोळ्या दिल्या, वाफारा दिला, निकमांनी रिक्षा आणली. त्यानंतर नऊ दिवस रुग्णालयात.

तुमच्या तोंडावर मुखवटा होता, यंत्र हवा ढकलत होतं, बोलता येत नव्हतं. मी वहीची पानं आणि पेन्सिल दिली. तुम्ही पाणी लिहिलंत, पाठ लिहिलंत, एकदा निकम लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंत. पाचव्या दिवशी लिहिलंत, ‘पोराला रागावू नको.’ मी म्हणाले, नाही रागावले. तुम्ही मान हलवलीत, म्हणजे खोटं बोलू नकोस असं. मग मी सांगितलं, की रागावले होते, पण तुमच्यावर. आणि आता तोही राग राहिला नाही. दोन दिवस फुंकायला बसवलं नाही हे मात्र मी सांगितलं नाही. तुम्हाला ते ठाऊकच होतं. तरी सांगायला हवं होतं. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि डोळे मिटलेत. पुढच्या पानांवर अक्षर लागत नाही.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या आक्का कुणाला तरी म्हणाल्या, नातवाची सर्दी लागली हो त्याला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला घडलेल्या गोष्टीला काहीतरी नाव द्यावंसं वाटतं. पण सुजात तिथे मैत्रीबरोबर उभा होता. त्याला मराठी कमी येतं असं सगळे समजतात. हे वाक्य त्याला पूर्ण कळलं.

तुम्ही गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, सर्दीने सुरुवात झाली हे नक्की. कोणता विषाणू, हे आम्ही शोधलं नाही. आणि शोधला असता तरी तो कुणाकडून आला हे तो सांगत नाही. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही स्वतः कुठे गेला होतात? मी बसमध्ये उभी होते, माझ्या मानेवर एक माणूस खोकत होता. मंडईत तासभर हिंडले. निकम आदल्या दिवशी येऊन गेले होते आणि घसा धरलाय म्हणत होते. मी विचारलं, दोन दिवस आधी गोळ्या सुरू केल्या असत्या तर? त्या म्हणाल्या, कदाचित फरक पडला असता, कदाचित नाही. मी त्यांची आभारी आहे, की त्या ‘नाही हो’ म्हणाल्या नाहीत.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला भन्तेजींनी सांगितलं, की कुठलीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, दर वेळी मान डोलवत. या वेळी पहिल्यांदा मी ती कारणं बोटांवर धरून पाहिली. चूल, भुसा, विडी, ट्रक, बस, निकम, सुजातचं नाक, माझा अबोला. बोटं पुरली, पण त्यातलं एक बोट कापून हेच ते, असं म्हणता येईना.

तेव्हा सुजात, आता हे तुला. तुझी सर्दी असू शकेल. ती नव्हतीच असं मी तुला सांगणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. पण जाळीच्या दाराची कडी आतून होती, आणि इतकी उंच, की तुझा हात तिथे पोचत नाही. ती आजोबांनी काढली. तुला सर्दी आहे हे त्यांना माहीत होतं, सर्दी त्यांना काय करते हे तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, आणि त्यांनी कडी काढली. मोठ्या माणसाने समजून-उमजून केलेली गोष्ट लहान माणसाने आपल्या नावावर घ्यायची नसते. त्यानंतरचे दोन दिवस माझे आहेत. ते मी कुणाला देणार नाही, तुलाही नाही. शिंक आली की नाकापुढे रुमाल धर, हात धू, आणि मैत्रीच्या शेजारी बसून जेव. तिची छाती चांगली आहे. तिला सर्दी झाली तर ती चार दिवसांत बरी होईल आणि तुझ्यावर ओरडेल. इतकंच होतं.

अहो, तुमच्याशी मात्र माझा वाद संपलेला नाही. दार उघडायला नको होतं, असं मला अजून वाटतं. दोन दिवसांनी त्याची सर्दी गेली असती आणि तुम्ही हवे तेवढे त्याचे हात धरू शकला असतात. यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल, दोन दिवसांनी त्याने भोवरा हातात घेतला नसता. असेल. मुलांचं मन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायचं, आणि शिक्षिका मी होते. तुम्ही बरोबर होतात असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. पण त्या दुपारी भोवरा सरळ उभा राहिला तेव्हा रुमालाच्या वर तुमचे डोळे मी पाहिले. साचेखातं बंद झाल्यापासून ते तसे दिसले नव्हते. मी पाहिले आणि हात धू म्हणाले. तुम्हाला राग आला नाही. चाळीस वर्षं तुम्ही मला अशीच सवलत देत आलात.

त्या दुपारी जिन्यात आपण तिघं होतो. त्यातले दोघं अजून आहोत.